घंटीवर अडलेला करार

चहाच्या यंत्राने नाणं गिळलं आणि चहा मात्र दिला नाही. तिने वैतागून यंत्राला लाथ घातली.

"जरा वर मारा," मागून कुणीतरी म्हणालं. "तिथे लागतं त्याला."

तिने मारलं. चहा आला. दोघं हसली. आणि थोड्याच वेळात बैठकीत तोच माणूस तिच्यासमोर येऊन बसला... शेजारच्या देशाचा अधिकारी म्हणून!

बड्या देशांनी जकाती वाढवून दारं लावून घेतली होती. तेव्हा निदान शेजाऱ्यांनी तरी आपापसातली जकात काढावी, अशी ही बोलणी, त्याच्या देशाच्या राजधानीत. बाकी सगळं जमलं, घोडं अडलं सायकलवर. जकात माफ फक्त या दोन देशांत बनलेल्या मालाला; मग किती भाग इथले असले म्हणजे सायकल इथली? सांगाडा मिटला, चाकं मिटली, आणि वर्ष उलटलं तरी घंटी काही मिटेना.

"घंटी हा सायकलचा भाग नाही," तो शांतपणे म्हणायचा.

"मग काय दागिना आहे?"

"चिडलात की तुम्ही फार... मुद्देसूद बोलता."

"आणि तुम्ही न चिडता डोकं खाता."

घरी फोनवर ती त्याचाच पाढा वाचायची. "रोज त्याचंच सांगतेस गं," आई म्हणायची. ती आणखी वैतागायची.

शेवटी वरून निरोप आला – या आठवड्यात जमवा, नाहीतर बोलणी बंद. तिने त्याला जिन्यातच गाठलं.

"घंटीने तुमचं बिघडतं काय, खरं सांगा."

तो कठड्याकडे बघत म्हणाला, "काहीच नाही. मिटलं असतं तर... तुम्ही परत गेला असतात."

तिचं डोकंच फिरलं. "तिकडे कारखाने अर्धेमुर्धे चालताहेत, माणसं घरी बसलीत, आणि तुम्ही—"

बोलता बोलता ती थांबली. मागच्या महिन्यात तो जवळजवळ कबूल झाला होता. तेव्हा पॅडलचा वाद उकरून काढला होता तिनेच. ती मटकन पायरीवर बसली.

"पॅडलची काही गरज नव्हती," ती पुटपुटली.

"कळलं होतं मला."

"उद्या सह्या करायच्या. दोन्ही सोडून."

"करू."

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. त्याने रीतसर हात मिळवला आणि मुकाट्याने निघाला. ती तरातरा त्याच्यामागे फुटपाथवर आली.

"आता तरी बोलाल?"

"मला वाटतं, या बाबतीत आपण आधी—"

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

"अहो, मी अजून विचारलंय कुठे?"

"विचारा ना. मी थांबतो."

तिने कपाळावर हात मारला... आणि विचारलं.