शिवणीनंतरची टकटक

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उलट हे सगळं खोटं ठरलं, तर मला झोप तरी लागेल.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. भर दिवसा घडलेलं आहे.

बाबा शिंपी होते. खाली दुकान, वर आमचं घर. आई दुकानातल्याच दुसऱ्या मशीनवर शिवायची. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

सकाळी आठ वाजता बाबांच्या हातून कात्री निसटली. जीभही जड झाली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत.

"दवाखान्यात जाऊ या," मी म्हणालो.

"बंड्या, हाताला मुंग्या आल्या म्हणून कुणी दवाखाना गाठतं का? तू तुझं काम कर. मशीनचा आवाज थांबला तर ये खाली."

नऊ वाजता मी वर जाऊन कामाला बसलो. कान मात्र खालीच होते.

मशीन चालू होतं.

दर शिवणीनंतर कात्री टेबलावर दोनदा वाजायची... टक, टक.

ते ऐकून फार बरं वाटत होतं. का, ते काही कळलं नाही.

दोन वाजता आवाज थांबला.

खाली गेलो, तर बाबा कापायच्या टेबलाजवळ पडलेले. तोंड वाकडं. शब्द फुटेना.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बारीक नस बंद होतेय. सकाळी सुटली, आता पुन्हा अडकली आणि वाढतेय. गुठळी विरघळवायचं औषध देता येईल, पण साडेचार तासांच्या आतच. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. शेवटचे धडधाकट कधी होते?"

"दोनपर्यंत शिवत होते."

"तुम्ही पाहिलंत?"

"ऐकलं."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पुन्हा ठासून म्हणालो, "दोन वाजेपर्यंत, डॉक्टर. शंभर टक्के."

औषध सुरू झालं. पंपातून, थेंबाथेंबानं.

अर्ध्या तासात बाबांची जीभ सुटली. मला रडू आलं.

"बंड्या... तू वर गेलास आणि लगेच पडलो रे मी."

"लगेच? मग मशीन..."

"तुझी आई बसली होती ना. तिला किती वेळा म्हटलं, बंड्याला हाक मार." ते माझ्याकडे बघत राहिले. "ती नुसती शिवतच होती."

टक, टक.

शिवण संपली की कात्री दोनदा आपटायची सवय आईची होती. बाबांची कधीच नव्हती.

मी धावत जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी पंप बंद केला. पण निम्म्याहून जास्त औषध आत गेलं होतं.

"डोकं दुखतंय रे," बाबा म्हणाले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी गेले.

"वेळेत देऊनही कधी कधी असं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या समजूत घालत होत्या, हे मला कळत होतं.

दुकान उघडलं. बाबांच्या मशीनवर तीच बाही होती, सकाळी नऊला होती तेवढीच शिवलेली. आईच्या मशीनला चार वर्षांपासून पट्टाच नव्हता; ते चालणं शक्यच नव्हतं.

दोन्ही मशीनं मी विकून टाकली. खाली आता काहीच नाही.

आईला त्यांना न्यायचं होतं का? की तिलाही माझ्यासारखंच काही करता आलं नाही? मला माहीत नाही.

काल सकाळी माझ्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. दहा मिनिटांत गेल्या.

आणि रिकाम्या दुकानात मशीन सुरू झालं...