थांब म्हणेपर्यंत

यंत्रखोलीतल्या जुन्या यंत्राचा पंखा दोन दिवस दमेकऱ्यासारखा घरघरत होता, म्हणून सकाळी अकराच्या पुढे त्याच्या पोटातला पाहुणा हलवायचं ठरलं. काम नेहमीचंच. ताईने असे शंभरेक पाहुणे हलवले असतील.

पाहुणा म्हणजे यंत्राच्या आत राहणारं दुसरं यंत्र, नुसत्या प्रोग्रॅमचं. हा पाहुणा इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरचे औषधाचे पंप चालवायचा. त्याला बंद न करता, चालता-बोलता उचलून नव्या यंत्रात न्यायचं, आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. गोम एवढीच, की पाहुणा वेळ ओळखतो ती यजमानाचे, म्हणजे ज्या यंत्रात राहतो त्याचे, ठोके मोजून. जुन्याचे सेकंदाला अडीचशे कोटी ठोके, नव्याचे तीनशे कोटी. तो जुना आकडा नव्या यजमानाला सांगायचा राहिला, की पाहुण्याचं मिनिट पन्नास सेकंदांतच भरतं आणि पंप तेवढ्याच घाईने औषध ढकलतो. एकदा राहिलाच होता. नशीब, तेव्हा पंप रिकामे होते.

तेव्हापासून मोजणी सुरू झाली. वॉर्डातल्या माणसाने पंपाच्या पडद्यावरचे सेकंद फोनवर मोठ्याने मोजायचे, खालच्याने ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडायचे, आणि खालचा ‘थांब’ म्हणेपर्यंत वरच्याने थांबायचं नाही. त्यासाठी मिस्त्रींनी वहीच घातली होती. मिस्त्री म्हणजे ताईचे सहकारी. पंख्यापासून प्रोग्रॅमपर्यंत दिसेल ते दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव पडलं.

आज सात नंबरच्या खाटेवर ताईचा धाकटा भाऊ होता, बारक्या. त्याचं हृदय त्या पंपातल्या औषधावर चाललं होतं. थेंब जास्त गेला तरी पंचाईत, कमी गेला तरी पंचाईत. चार रात्री ताईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. भीती दुसऱ्याच दिवशी संपली होती. आता आत सगळं बधिर होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं.

“बाई, मी हलवतो,” मिस्त्री म्हणाले. “आज तुम्ही राहू द्या.”

“चुकायचंच असेल तर माझ्या हातून चुकू दे.”

तिने अडीचशे कोटींचा आकडा टाकला. मिस्त्रींनी तो अंकन्अंक वाचून घेतला. अकरा पंचवीसला पाहुणा हलला. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

तिने सातचा फोन लावला. सिस्टरऐवजी बारक्यानेच उचलला.

“सिस्टर कुठेत रे?”

“आहेत इथेच. सगळे घाईत आहेत. मीच मोजतो ना. नुसतं पडून काय करू?”

“दमशील.”

“आता नाही दमत गं… हलवलंस का?”

“हलवलं.”

“मला कळलंच नाही.”

त्याचा आवाज ताजा होता. किती दिवसांनी. ताईला बरं वाटायला हवं होतं, पण ते वाटणंसुद्धा लांबून कुठूनतरी आलं.

अकरा सत्तावीसला काटा बारावर येताच ती ‘मोज’ म्हणाली. एक… दोन… तीन… मिस्त्री बोटाने हवेत ठोके देत राहिले. बारक्याने साठ म्हटलं आणि काटा पुन्हा बारावर आला. केसाचाही फरक नव्हता. मिस्त्रींनी टाळी वाजवली, आणि तेवढ्यात दार उघडून वरच्या सिस्टर आत आल्या. त्यांचा चेहरा पाहून ताईच्या हातून रिसीव्हर खाली ठेवला गेला.

“बाई, कधीपासून तुम्हाला फोन लावतोय आम्ही… लागतच नव्हता. वर चला.”

“काय झालं?”

“अकरा दहाला… खूप प्रयत्न केले सगळ्यांनी. पंपही तेव्हाच काढला.”

मिस्त्रींनी वहीकडे पाहिलं, मग फोनकडे. “आत्ता तर तोच बोलत होता.”

“सातवरून? तो फोन कसा लागेल… डॉक्टरांची यंत्रं आत घ्यायची होती, त्याची वायर काढून ठेवलीय.”

ताईला रडू आलं नाही. ती वर गेली, गार हात हातात धरून बसली, सांगतील तिथे सह्या केल्या. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. घरी बसून तरी काय करणार होती? मिस्त्री वही उघडून बसले होते. वेळ, आकडा, साठाला साठ. शेवटचा ‘थांबवलं’चा रकाना रिकामा.

“बाई, काल तुम्ही त्याला… ‘थांब’ म्हणालात का?”

तिने आठवून पाहिलं. सिस्टर आल्या, रिसीव्हर ठेवला गेला. नव्हती म्हणाली.

घड्याळात अकरा सव्वीस झाले होते. तिने सातचा फोन लावला. वर वायर अजून भिंतीशी गुंडाळून पडली होती, मिस्त्री सकाळीच बघून आले होते. घंटा वाजलीच नाही.

“…शहाऐंशी हजार तीनशे सत्त्याण्णव… शहाऐंशी हजार तीनशे अठ्ठ्याण्णव… शहाऐंशी हजार तीनशे नव्व्याण्णव… शहाऐंशी हजार चारशे…”

काटा बारावर आला होता. अकरा सत्तावीस. पुरते चोवीस तास झाले होते आणि एक सेकंद सांडला नव्हता. एवढा लांबलचक आकडा बरोबर एका सेकंदात बसत होता, आणि त्यातला एकही शब्द घाईत नव्हता.

“सांगा त्याला…” मिस्त्री कुजबुजले. “एकच शब्द आहे, बाई.”

ताईने तोंड उघडलं. पाच दिवसांत पहिल्यांदा छातीत काहीतरी दुखलं.

“ताई?” बारक्याने विचारलं. “बरोबर येतंय ना?”

हे विचारताना मागे मोजणी चालूच होती, त्याच्याच आवाजात.

“बरोबर येतंय रे,” ती म्हणाली, आणि झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावा तसा तिने रिसीव्हर हलकेच ठेवला. मग वही ओढून तारीख घातली, वेळ घातली, आणि शेवटचा रकाना रिकामाच ठेवला.