चपला न काढायचा बंगला

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. अँड्र्यू जॅक्सन आला की पेंगणारा वर्गही जागा होतो. साध्या घरातला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि शपथविधीच्या दिवशी चिखलाचे बूट घालून लोक थेट त्याच्या सरकारी वाड्यात शिरले, हे ऐकून पोरं खूश होतात. पुढे त्यानंच मूळच्या जमातींना त्यांच्या जमिनींवरून हुसकावलं, वाटेत हजारो माणसं मेली, हे सांगितलं की निम्मा वर्ग गप्प होतो आणि निम्मा त्याची वकिली करायला लागतो. यंदा तानाजी म्हणाला, "मॅडम, एकच सांगा. चांगला व्हता का वाईट?"

"माणूस म्हणजे भजी आहेत का रे, चांगली की वाईट सांगायला?" मी खेकसले. वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण तोच प्रश्न त्या आठवड्यात माझ्यापुढे होता.

आमच्या भागातही असे एक अध्यक्ष होऊन गेले, जिल्हा परिषदेचे. सुंदरराव. निजामाची राजवट जाऊन पंधराएक वर्षंच झाली होती आणि लोकांना मताची नवलाई होती. तोवर देशमुखाच्या दारावरून जायचं तर आमच्या माणसांना वहाणा हातात घ्याव्या लागत. सुंदररावांनी निवडून आल्या दिवशी आता धरणाच्या काठावर आहे त्या सरकारी बंगल्याची दारं उघडली आणि पायरीवर उभं राहून सांगितलं, "हितं कुणी चपला काढायच्या न्हाईत. बंगला तुमचा हाय." लोक शेणामातीच्या पायांनी शहाबादी फरशीवर चालले. काही जण रडले म्हणतात. मला ते खरं वाटतं.

त्याच सुंदररावांनी धरण बांधलं. नदीकाठची आमची बौद्ध वस्ती त्यात जाणार होती. उभी बाजरी निघेपर्यंत पाणी अडवू नका, एवढंच मागायला वस्ती बंगल्यावर गेली. मागायला आलोय म्हणून सगळ्यांनी पायरीखाली चपला काढल्या. अध्यक्ष आत होते. दिवस मावळला तरी बाहेर आले नाहीत. पुढे पाणी चढायला लागलं तेव्हा माझी आजी दगडाबाई आणि आणखी काही जण कणसं खुडायला पिकात उतरले, ते वर आलेच नाहीत. माझे वडील शहादेव, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तेव्हा लहान होते. ते बांधावर बसून बघत होते. त्या बंगल्यात त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नाही.

आता बंगल्यात सुंदररावांचं स्मारक होणार होतं. त्यांची मुलगी वनमालाताई देखभालीसाठी तिथंच राहते. पंचाहत्तरी उलटलेली, जीव लावणारी बाई. भिंतीवरचा मजकूर तिनं मलाच लिहायला सांगितला होता.

"लिहिते," मी म्हटलं, "पण वस्तीचंही लिहीन."

ताई माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकत म्हणाली, "तेवढं राहू दे ना गं. आप्पांचा एक दिवस तरी गोड जाऊ दे."

मला तिचा राग येईना, हीच अडचण होती.

एप्रिलची दुपार होती. धरण आटून पाणी लांब गेलं होतं आणि मधे भेगाळलेला गाळ पसरला होता. मी दिवाणखान्यात लिहीत बसले होते. समोर सुंदररावांची वेताची खुर्ची होती. ताई बाहेर डोकावली आणि म्हणाली, "कोण आलंय गं?"

पायरीखाली जुन्या कातडी वहाणांचा एक जोड होता, ओलाचिंब. खाली पाण्याचं थारोळं झालेलं. आम्ही खोल्या पाहिल्या, मागचं दार पाहिलं, कुणीच नव्हतं. परत येऊन बघितलं तर जोड नव्हता आणि फरशीवरची ओल सुकत होती.

"नवखं माणूस असंल," ताई म्हणाली. "हितं कोण चपला काढतंय?"

मी मान डोलावली. कुत्र्यानं नेला असेल, असं स्वतःला समजावलं. पण आवारात कुत्रं नव्हतं आणि आसपास कुठंच पाणी नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी बंगल्यावर गेले तेव्हा पायरीखाली चपलांची ओळ होती. बायकांच्या, पुरुषांच्या, सगळ्या ओल्या, टाचा बाहेर आणि बोटं दाराकडे. कुणी घरात आलं की असतात तशा. ताईनं पदर तोंडाला लावला. दिवाणखान्यात गाळाचा वास भरला होता. हवा हलत नव्हती, तरी मला अंगाभोवती खूप माणसं दाटीनं बसल्यासारखं वाटलं.

मी वडिलांना फोन केला. काय सांगावं कळेना, म्हणून खरं तेच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "येतो."

दादा आले तेव्हा चपलांची ओळ पायरीपासून अंगणभर वाढली होती. माझ्या वडिलांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नाही, तेव्हाही ते घाबरले नव्हते. एकेक जोड बघत ते वाकून पुढं सरकले आणि एका जोडाशी खाली बसले. त्याचा अंगठा तारेनं बांधला होता.

"आईची हाय," ते म्हणाले. "ही तार म्याच आणून दिलती."

त्यांनी ती वहाण छातीशी धरली. सदरा भिजला. मला रडू फुटलं.

ताई दारात उभी होती. "शहादेवभाऊ, आईला आत बोलवा ना."

"म्या कावून बोलवू, ताई?" दादा शांतपणे म्हणाले. "ज्यानं बोलवायचं व्हतं त्यो आत बसला व्हता."

ताई आत वळली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून साध्या, घरच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, उठा. लोक आलेत."

काही झालं नाही.

"लई वेळ झाला त्यांना, आप्पा."

वेताची खुर्ची करकरली. कुणी जड माणूस उठताना करकरते तशी.

ताई भिंतीला टेकली. माझ्या डाव्या दंडाला वारा लागून गेला.

बाहेर दादांनी दोन्ही हात पुढे धरले होते. हात रिकामे होते. सदरा मात्र ओला होता.

अंगणात एकही चप्पल नव्हती.

उंबऱ्याशी काळ्या पंप शूजचा एक जोड होता, पॉलिश केलेला, कोरडा. ताईनं तो पाहिला आणि मटकन खाली बसली.

"आप्पांच्या पायातच होता," ती म्हणाली. "तसंच नेलं त्यांना. सरणावर."

मग तिनं माझा हात धरला. "वस्तीचं लिही. दाराशेजारीच लिही. आप्पांचंही लिही. दोन्ही लिही."

मी हो म्हटलं. दादांनी तिला उठवून बसवलं आणि पाणी आणायला ते चपला घालूनच आत गेले, पहिल्यांदाच.

मी एकटी पायरी उतरले. उंबऱ्यापासून धुळीत एका मोठ्या माणसाची अनवाणी पावलं निघाली होती. अंगणाबाहेर ती भेगाळलेल्या गाळावरून थेट पाण्याकडे गेली होती. काठाजवळ गाळ मऊ होता, तिथं ती खोल उमटली होती. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी, पुढं, मागं, अगदी खेटून, आणखी कितीतरी पावलं होती. सगळी पाण्यात उतरत होती. परत आलेलं एकही नव्हतं.