झील कोण धरणार?

जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका वाडीत सिद्धू नावाचा गडी राहतो. दिवसा पाण्याचा टँकर चालवतो आणि उरल्या वेळात गाणी रेकॉर्ड करतो. त्याच्याकडे एक टॅबलेट आहे, सांगलीच्या एका दुकानातून जुनाच घेतलेला. त्या टॅबलेटनं त्याला जेवढं छळलं, तेवढं सवतीनंसुद्धा कुणाला छळलं नसेल.

त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. सिद्धूचे चुलते गुंडाअण्णा हे वाडीच्या ओवीचे म्होरके. म्होरक्यानं ओळ गायची आणि मागच्या झीलकऱ्यांनी ती उचलून पुढं न्यायची, ही धनगरी ओवीची रीत. अण्णा दिवाळीआधी गेले. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सिद्धूनं हट्टानं त्यांना समोर बसवून एक अख्खी ओवी रेकॉर्ड करून घेतली होती. अण्णांचा जगात उरलेला आवाज तेवढाच. उद्या बिरोबाची जत्रा, आणि देवळापुढं कर्ण्यावर तीच ओवी लावायची असं वाडीनं ठरवलं होतं. त्यासाठी ती टॅबलेटमधून बाहेर काढायची, एवढंच काम.

पण रेकॉर्डिंगचं अ‍ॅप नवं आणि टॅबलेट म्हातारा. ढोल, कैताळाच्या झांजा, अण्णा, चार झीलकऱ्यांचे चार आवाज, आणि वर सिद्धूनं हौसेनं चढवलेला डोंगरातला घुमारा. हे ओझं त्याला पेलेना. एक्स्पोर्टची पट्टी निम्म्यापर्यंत सरकायची, थबकायची आणि अ‍ॅप मुकाट्यानं बंद पडायचं. वर ‘मेमरी अपुरी आहे’ हे शहाणपण. त्यात बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण उचललं होतं. आज-उद्या हा कायमचा आडवा होणार, असं दुकानदारानं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे अण्णा आज बाहेर आले तर आले, नाहीतर त्या डबड्याबरोबर गेलेच.

दुपारचे दोन वाजले होते. सारी वाडी देवळाकडं मांडव घालायला गेलेली. माळावर चिटपाखरू नव्हतं. पत्र्याच्या घरात तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि कोपऱ्यातल्या घोंगड्यांचा वास कोंडला होता. सिद्धूनं घुमारा काढला. बाकीची सगळी अ‍ॅपं उडवली. टॅबलेटखाली ओलं फडकं घातलं. पोराच्या जावळाचे फोटोसुद्धा पुसले आणि बायकोला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. अकरा वेळा पट्टी सरकली आणि अकरा वेळा थबकली, नेमकी त्याच जागी. रागानं त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं की झील काढायची. उद्या माणसं जागेवर उभी राहून झील धरतील, त्यात काय एवढं? आवाज हवाय तो अण्णांचा. एकेक करून त्यानं चारही ट्रॅक पुसून टाकले आणि मग ओवी वाजवून बघितली.

“मेंढरं गेली म्होरं... मागं ऱ्हायलं कोण...” अण्णांचा आवाज आला आणि थांबला.

पुढची ओळ यायला हवी होती. स्क्रीनवर रेघ जागच्या जागी थरथरत होती. थोड्या वेळानं पुन्हा तेच आलं. “मेंढरं गेली म्होरं... मागं ऱ्हायलं कोण...”

सिद्धूनं कपाळाला हात लावला. अडकलं म्हणायचं. तुकडा फिरवून वाजवायचं बटण चालू राहिलंय का ते त्यानं बघितलं. बंद होतं. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मात्र त्याचा हात थबकला. यंत्र अडकलं की तोच तुकडा जसाच्या तसा वाजतो, हे त्याला पाठ होतं. इथं ओळ दर वेळी वेगळी येत होती. पहिल्यांदा खणखणीत, नंतर जरा दमून, आणि आता ओळीआधी एक लांब श्वास, गाणाऱ्यानं मागं वळून बघावं तेवढा.

“झील कुठं गेली?”

तो दचकला. दारात हरणाकाकू उभी होती, अण्णांची बायको. शेळ्यांना पाणी दाखवायचं म्हणून ती एकटीच मागं राहिली होती.

“काढून टाकली, काकू. ह्याला झेपंना. उद्या माणसं धरत्याली की.”

“आनि आज?” काकू हळूच म्हणाली. “आज कुनी धरायची? त्यो थांबलाय न्हवं...”

सिद्धू तिला मशीनचं समजावून सांगायला गेला. ओळ पुन्हा आली. या खेपेला आवाज इतका थकला होता की शेवटचा शब्द जेमतेम ऐकू आला. काकू आत आली, टॅबलेटसमोर मांडी घालून बसली आणि तिनं डोळे मिटले. त्या वाडीत बाया झील धरत नाहीत. आणि एकदा धरली की म्होरक्या ओवी सोडेपर्यंत कुणीही ती खाली ठेवत नाही. या दोन्ही गोष्टी काकूला ठाऊक नव्हत्या असं थोडंच आहे? चाळीस वर्षं ती ऐकत आली होती.

“मागं ऱ्हायलं कोण गं... मागं ऱ्हायलं कोण...” काकूनं ओळ उचलली.

आणि अण्णा पुढं निघाले. ओळीमागून ओळ यायला लागली. काकू उचलत होती, ते देत होते. सिद्धूनं तेवढ्यात एक्स्पोर्ट दाबला. खरं तर त्यानं काकूला थांबवायला हवं होतं. पण पट्टी सरकत होती, नेहमीच्या जागेपुढं सरकत होती, आणि सकाळपासून पिचलेल्या माणसाला दुसरं काही दिसलं नाही. पट्टी भरली. ओवी टॅबलेटबाहेर आली.

काकू उठली आणि अंगणात गेली. सिद्धूनं खुशीत फाईल लावून बघितली. अण्णा गात होते आणि त्यांच्यामागं काकूची झील, स्वच्छ, शेजारी बसून गावी तशी. दोन ओळी ऐकल्यावर त्याच्या ध्यानात आलं की माईक बंद होता. सकाळपासून बंद होता. ओवी सात मिनिटांची आणि फाईल मात्र वीस मिनिटांची दिसत होती. आकडा वाढत होता. त्यानं घाईनं फाईल थांबवली, तसा टॅबलेटच बंद पडला. घरात सामसूम झाली.

दारातून त्याला काकू दिसली. बांधापाशी गेलेल्या शेळीला ती हाक मारत होती. तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण आवाज येत नव्हता. शेळी चरतच राहिली. काकूनं गळ्याला हात लावला आणि पुन्हा तोंड उघडलं.

“ये गं चांदे... ये, ये...” बंद पडलेल्या टॅबलेटमधून काकूची हाक आली.

शेळीनं मान वर केली. काकूला वळसा घालून ती घरात शिरली आणि टॅबलेटपाशी येऊन उभी राहिली.