लाल चिंध्यांची कणसं

"आधी आंघोळ, मग हुरडा!" असं आईनं बजावलं होतं. पण आई होती दौंडला आणि हुरडा होता इथं, वडगाव रासाईला. त्यामुळे सायली आणि इंद्रजीत पारोसेच शेताकडे पळत सुटले!

नाताळची सुट्टी लागली की ही भावंडं वच्छलाआत्याकडे यायची. भीमेवरून येणारा गार वारा, बांधावरची आंबटगोड बोरं आणि गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं! गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. त्यापुढे दौंडच्या बेकरीतला केकही फिका!

यंदा धनश्री नावाची मैत्रीणही मिळाली होती. तिच्या वडिलांनी, रखमाजींनी, शेजारच्या मोकळ्या रानात वाघूर, म्हणजे दोरीचं जाळं, लावून मेंढरं बसवली होती. मेंढरं रात्रभर बसली की रानाला लेंडीखत मिळतं, म्हणून आत्यानंच त्यांना बोलावलं होतं. त्यांच्यातलं एक कोकरू सारखं शिट्टी फुंकल्यासारखं ओरडायचं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या इंद्रजीतनं त्याचं नाव ठेवलं होतं 'इंजिन'.

पण आज शेतात पोचतात तो आत्याचा आवाज मेंढरांच्या वाडग्यापर्यंत ऐकू येत होता.

"बियाची कणसं कापली! माझ्या आईच्या घरनं आणलेलं बी हाय ते, गुळावानी गोड! आता ह्या भागात कुनाकडं न्हाई!"

हुरड्याच्या त्या खास ज्वारीच्या मोजक्याच ओळी आत्या पेरत असे. त्यातली भरदार कणसं निवडून त्यांना आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. ती भाजायची नाहीत, पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी राखायची. आज त्यातली कितीतरी कणसं चिंधीसकट गायब होती, ज्वारीची ताटं नुसती बिनमुंडक्याची उभी होती!

रखमाजी खाली मान घालून म्हणाले, "वच्छलाबाई, माझी मेंढरं वाघुरीच्या भाईर गेली न्हाईत. वाघूर बघा, एक गाठ सुटली न्हाई."

"मेंढरं न्हाई तर मान्सं गेली असतील! उद्या सकाळी हलवा तुमची मेंढरं!"

आत्या पाय आपटत घराकडे गेली. धनश्री इंजिनला पोटाशी धरून उभी होती.

"जाशील दुसऱ्या गावाला, त्यात काय?" इंद्रजीत तिची समजूत घालू लागला.

"तुला कळत न्हाई," धनश्री म्हणाली. "एकदा चोर म्हनलं की फुडच्या गावात कुनी रानात बसू देत न्हाई. बाबांचं नाव जाईल."

सायलीनं वेणी मागे टाकली. "मग आजच्या आज चोर शोधायचा!"

"मी इन्स्पेक्टर!" इंद्रजीत ओरडला.

"तू हवालदार. आधी नाक पूस!"

तिघं ज्वारीत शिरली. धनश्रीनं एक ताट वाकवून पाहिलं. "हे बघ, तिरपा, साफ काप. विळा लागलाय. मेंढरू पाला ओरबाडतं, आन् एवढ्या उंच त्याची मान तरी पोचंल का?"

"पोपटांनी खाल्लं असेल," हवालदार म्हणाले.

"पोपट खाली कोंडा सांडतात. इथं कोंडा कुठाय?"

सायली मात्र आजूबाजूची ताटं बघत होती. "अरे, बिनचिंधीच्या एकाही कणसाला हात लावलेला नाही! चोर चिंधी बघूनच कापतोय!"

वाटेत एक लाल चिंधी सापडली. ती पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दिशेनं पडली होती. खोलीच्या मागे गेली तर काय! आगटीची राख, सोललेली कणसं, चिवड्याचा कागद आणि मातीत दुचाकीच्या चाकांचे पट्टे!

"धनश्री, तुझे बाबा मेंढ्या एम-एटीवरून हाकतात का गं?" इंद्रजीतनं विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच धनश्री हसली.

"आत्ताच सांगू या आत्याला!"

"कुणाची गाडी म्हणून सांगशील?" सायली म्हणाली. "उरलेल्या कणसांसाठी चोर पुन्हा येणारच, तेव्हा तो स्वतःच पकडला जायला हवा. चिंध्यांवर विश्वास आहे ना त्याचा? मग चिंध्याच हलवू!"

उरलेल्या बियाच्या कणसांच्या चिंध्या त्यांनी सोडल्या. ही ताटं नंतर ओळखायची कशी? धनश्रीनं प्रत्येकाच्या पानाला वाघुरीला मारतात तशी गाठ मारून ठेवली. मग बांधाकडेच्या साध्या ज्वारीची निबर झालेली, दाणे टणक झालेली कणसं निवडून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. कशी झोकात दिसत होती!

दिवस कलला तशी तिघं बोरीच्या जाळीआड दबा धरून बसली. काटे टोचत होते, पण बोरंही हाताशी होती, त्यामुळे तक्रार कुणी करेना. इतक्यात फटफट आवाज आला. दोन गाड्या आणि तीन माणसं! पुढच्या गाडीवर कोण? संपतकाका! आत्याचे धाकटे दीर, रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेले!

"काका?" इंद्रजीतच्या तोंडातलं बोर पडलं.

"गप! धनश्री, तू बाबांना आण. मी आत्याला आणते."

काकांनी विळ्यानं भराभर लाल चिंधीची कणसं कापली, आगटी पेटवली. "पाव्हणं, कालच्यापेक्षा आज भारी माल हाय! खास निवडल्याली कणसं!"

पाहुण्यांनी कणसं चोळली. दाणे सुटता सुटेनात. कसेबसे काढून तोंडात टाकले आणि कडाड् आवाज झाला!

"संपतराव, ह्यो हुरडा हाय का बॉलबेरिंग?"

"अरे भैया, मेरा दाँत हिल गया!" दुसरा गाल धरून ओरडला.

इंद्रजीतला हसू आवरेना. तो जाळीतून खोऽखो हसत बाहेर घरंगळला. तेवढ्यात एका बाजूनं आत्या आणि दुसऱ्या बाजूनं रखमाजी येऊन ठाकले.

"भावजी! तुमी?"

संपतकाकांच्या हातातला विळा तसाच राहिला. "म्हंजी... वहिनी, तुम्हीच म्हनला व्हता, कंपनीतल्या मित्रांना हुरड्याला आना. मला वाटलं, चिंध्या बांधून पाव्हण्यांसाठी चांगली कणसं राखून ठेवलीत!"

"आन् इचारायला तोंड नव्हतं? बी खाल्लंत माझ्या आईचं!"

काकांनी विळा खाली ठेवला. आत्याचा राग एकदम उतरला. ती रखमाजींकडे वळली. सगळ्यांसमोर म्हणाली, "रखमाजीदादा, न पाहता बोलले मी. माझं चुकलं. मेंढरं हलवू नका." मग ती ज्वारीकडे वळली. "पन बी गेलं ते गेलंच."

"गेलं नाही आत्या!" सायली म्हणाली. "ज्या ताटांच्या पानाला गाठ आहे, ती सगळी बियाची! गाठी धनश्रीनं मारल्यात."

आत्या ज्वारीत शिरली. एकेक गाठ बोटांनी चाचपत गेली. बाहेर आली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती.

"पोरांनो, मोठ्यांना जमलं न्हाई ते तुमी केलंत! दादा, वरवंडला तुमचं रान हाय न्हवं? कणसं वाळली की ह्यातलं बी तुमी घेऊन जा आन् तिथं पेरा. एकाच रानात राहिलं तर पुन्हा एखाद्या भावजींच्या पोटात जायचं!"

"पेरतो, आन् तुमच्या आईचं नाव सांगतो," रखमाजी म्हणाले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "गाठ पक्की मारलीस गं!"

मग आत्यानं चांगली कोवळी कणसं काढून आणली. शिक्षा म्हणून सगळ्यांसाठी हुरडा चोळायचं काम संपतकाकांकडे आलं. तळहात लाल झाले तरी सुटका नाही! पाहुणे चटणी वाढत होते. नदीकडून गार वारा सुटला होता आणि आगटीभोवती सगळे खेटून बसले होते.

"काका, अजून थोडा!" इंद्रजीतनं हात पुढे केला.

"अरे, आत्ताच दिला की!"

काकांनी वळून पाहिलं. इंद्रजीतच्या पाठीमागे इंजिन उभं होतं. तोंडाला हिरवा कोंडा, आणि गळ्यात कुणीतरी बांधलेली लाल चिंधी!