आरामात राहायला किती लागतं?

"आरामात राहायला महिन्याला किती पैसे लागतील तुम्हाला?"

मी शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसले होते. अडकलेलं बॉबिन निघता निघत नव्हतं, आणि हा सर्व्हेवाला दुकानाच्या दारात उभा राहून असले प्रश्न विचारतोय! डोकंच सणकलं माझं.

"एक लाख," मी ठणकावलं. "लिहा!"

त्याने मुकाट्याने लिहिलं. मग हळूच वर बघितलं... डोळे मात्र छान होते मेल्याचे.

पुढच्या गुरुवारी स्वारी पुन्हा हजर. "फेरतपासणी आहे. आकडा जरा जास्त वाटतो... एसी लागेलच का?"

"लागेल."

"पंख्याची हवासुद्धा छान असते—"

"तुमच्याकडची असेल!"

तो लाजला. आईने न सांगता चहा आणून ठेवला. तिला भारी घाई!

मग दर गुरुवारी तेच. त्याने गाडी कापली, सहली कापल्या. मी मुद्दाम दागिने वाढवले, तर बिचाऱ्याचा चेहरा पडला. मला गंमत वाटायची. आणि गुरुवारी तेलाचे डाग नसलेले कपडे मी उगाच नव्हते घालत, खोटं कशाला बोलू?

पाचव्या गुरुवारी आम्ही बासष्ट हजारांवर अडलो. त्याने फाइल मिटली.

"इथलं काम संपलं. सोमवारपासून पुढचं शहर. आता इकडे यायला कारण नाही..." एवढं बोलून तो गेलासुद्धा.

माझं कशात लक्ष लागेना. शेवटी त्याच्या ऑफिसलाच फोन लावला. म्हटलं, माझी फेरतपासणी अर्धवट राहिलीय.

"कसली फेरतपासणी?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "तुमचा फॉर्म पहिल्याच दिवशी जमा झालाय. आणि ते तर आत्ताच्या बसने निघालेत पुढच्या शहराला."

तशीच तेलकट हातांनी पळाले. तो बसस्टॉपवर उभा होता.

"काय हो, ही फेरतपासणी कुणाच्या हुकमाने चालली होती?"

तो कानापर्यंत लाल झाला. "माझ्याच. मला पस्तीस हजार मिळतात. तुमचा आकडा पस्तीसवर आला की... विचारणार होतो. पण तुम्ही खाली यायलाच तयार नाही!"

पाच गुरुवार हा माणूस माझ्याशी घासाघीस करत होता, ती मला मागणी घालता यावी म्हणून!

"अहो शहाणे, यात माझी कमाई कुठाय?"

"अं?"

"दुकान काय हौस म्हणून चालवते? सगळा खर्च जाऊन चाळीस सुटतात मला. घरोघरी माणसं मोजत फिरता, आणि मलाच मोजायला विसरलात?"

त्याने बोटांवर बेरीज केली. "पंच्याहत्तर... म्हणजे तेरा उरतात?"

"उरतात. विचारा आता."

तेवढ्यात बस आली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं...

"चढायचंय की नाही?" ड्रायव्हर खेकसला.

"थांबा हो जरा!" मी म्हणाले. "जमतंय त्यांना."

"लग्न कराल माझ्याशी?" एवढं बोलायला त्याने अख्खी बस खोळंबवली. मी मात्र क्षणभरही न थांबता हो म्हणून टाकलं.