निखाऱ्यावर घेतलेला नंबर

सोयाबीन निघाल्यानंतरची सकाळ होती. ओम शिडी घेऊन दारात आला, तसा सदाशिवरावांनी त्याला आधी चहा पाजला. ओम वणीत कॅमेरे बसवायची कामं करायचा. कापसाच्या जिनिंगपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे त्याचीच शिडी लागलेली असायची. आज मात्र तो मावशीच्या शब्दाखातर फुकट राबायला आला होता. मावशी म्हणजे तांड्यावरची बसंतीबाई. तीही मागोमाग आली आणि ओट्याच्या कडेला पदर सावरून बसली.

सदाशिवरावांचं घर मारेगाव-वणी रस्त्याच्या ऐन वळणावर होतं. कोळशाचे ट्रक दिवसरात्र समोरून जायचे. अंगणातली तुळसही काळवंडलेली, आणि वेचलेला कापूस झाकून ठेवला नाही तर त्यावरही काजळी बसायची. रस्त्याकडे तोंड केलेली पक्की भिंत त्या वळणावर तेवढी एकच. म्हणून कॅमेरा लावायचा तर त्यांच्याच भिंतीला लावावा लागणार होता, आणि अख्ख्या गावासमोर त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं.

मागच्या वर्षी, याच दिवसांत, बसंतीबाईचा नवरा धरमसिंग या वळणावर मेला होता. ट्रकनं उडवलं आणि ट्रक पळून गेला, असं सदाशिवरावांनी सांगितलं. पळणाऱ्या ट्रकचा नंबर आपण डोळ्यांनी वाचला, असंही सांगितलं. एमएच चौतीस, झेडक्यू, सत्तर एकाहत्तर.

खरं काय ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. बसंतीबाईला तेवढं कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे सोयाबीन कापलं की वाळलेली झाडं डांबरी रस्त्यावर पसरून देतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची चाकं त्यावरून फिरतात आणि फुकटात मळणी होते. सगळेच करतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सदाशिवरावांनी तर ऐन वळणावरच ढीग पसरला होता. धरमसिंगची मोटरसायकल त्यावरून सटकली आणि त्याचं डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. ट्रक नव्हताच. धरमसिंग पडल्या पडल्या पाणी मागत होता. सदाशिवरावांनी आधी बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून सोयाबीन गोळा केलं, रस्ता झाडून स्वच्छ केला, आणि मग आरडाओरडा करून माणसं जमवली. तोवर पाणी मागणं थांबलेलं होतं. नंबर कुठला, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा जो तोंडाला आला तो त्यांनी ठोकून दिला. तशी गाडी नोंदीतच नव्हती, पण तेही बसंतीबाईपर्यंत पोचलं नाही.

त्यांचा मुलगा कपिल त्या दिवशी बाजाराला गेला होता. त्यालाही ट्रकचीच गोष्ट माहीत होती.

"काकाजी, दोन बसवून राह्यलो," शिडीवरून ओम म्हणाला. "वरचा मोठा सारा रस्ता पाह्यते. हा खालचा फक्त गाडीच्या नंबराची पाटी वाचते. अंधारून आलं का याले दुसरं काहीच दिसत नाही. ना गाडी, ना माणूस. पाटी तेवढी चमकते."

"अन् थो नंबर आला तं?" बसंतीबाईनं विचारलं.

"घंटी वाजते मावशी, घरातल्या पडद्यावर अन् माह्या मोबाईलवर. नंबर टाकून ठेवला त्यात."

बसंतीबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तो नंबर तिला देवाच्या नावासारखा पाठ होता. "त्याच रस्त्यानं येन थो कधी ना कधी. हो ना भाऊ?"

"येते ना," सदाशिवराव म्हणाले. "पापी माणूस जाईन कुठं?" आणि मनातल्या मनात हसले. जो नंबर जगात नाही तो यायचा कुठून? कॅमेरा फुकट मिळाला, कापसाची राखणही होईल, एवढाच त्यांनी हिशेब केला.

दिवाळी आली. दिवाळीला बंजाऱ्यांच्या घरी धबुकार देतात. चुलीतले रसरशीत निखारे काढायचे, त्यावर तूप, गूळ आणि भात सोडायचा, आणि गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची. ज्याचं नाव घेतलं तो धुराच्या वाटेनं येतो आणि जेवून जातो. म्हणून कुणाचं नाव राहू द्यायचं नसतं, आणि नसलेल्याचं घ्यायचं नसतं. त्या वर्षी बसंतीबाईनं निखाऱ्याचं घमेलं उचलून थेट वळणावर आणलं, नवरा पडला होता तिथे. धरमसिंगचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं. मग तुपाची धार सोडून तिनं तो नंबर घेतला. एकदा नाही, तूप संपेपर्यंत घेत राहिली.

"हे काय नवीन?" ओट्यावर चिवडा खात बसलेल्या सदाशिवरावांनी विचारलं.

"त्यायले गाडी ओळखू येऊ दे भाऊ. माह्या माणसाले."

धूर वर गेला नाही. रस्त्याला धरून लांबपर्यंत आडवाच सरकत गेला. सदाशिवरावांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, घरात घंटी वाजली.

सदाशिवराव एकटेच पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. खालच्या कॅमेऱ्याच्या चौकोनात काळोख होता, आणि त्या काळोखातून एक पाटी सरकत चालली होती. आकडे लख्ख. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले. शेजारच्या चौकोनात, वरच्या कॅमेऱ्यात, रस्ता रिकामा होता. वळणावर पहुडलेलं कुत्रं तेवढं उठलं, अंग चोरत बाजूला झालं आणि कुणाला तरी जाऊ दिल्यासारखं उभं राहिलं. आवाज कसलाच नव्हता. खिडकीतून जळक्या गुळाचा वास आत आला आणि बराच वेळ खोलीत राहिला. सदाशिवराव तिथेच खाली बसले.

घंटी ओमच्या मोबाईलवरही गेली होती. सकाळी मावशीला घेऊन तो हजर झाला. त्यानं चित्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं आणि मान खाजवली. "अशी गाडीच नाही काकाजी. मोबाईलवर टाकून पाह्यलं, नोंदच नाही. अन् वरच्यात काहूनच दिसून नाही राह्यली?"

बसंतीबाईला ते काही ऐकायचं नव्हतं. तिनं पडद्यावरच्या पाटीवर बोट ठेवलं आणि रडायला लागली. "आली ना... तुमचा डोळा खरा निघाला भाऊ. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

सदाशिवरावांनी हात लांबवून पडदा बंद केला.

मग ती पाटी रोजच येऊ लागली. दिवेलागणीला घंटी वाजायची आणि पाटी जायची. पहिल्यांदा ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेली होती. नंतर अलीकडून जायला लागली. आकडे मोठे दिसायला लागले, आणि वेगही कमी होत चालला. घर शोधत आलेला पाहुणा वळणावर गाडी हळू करतो ना, तसा. सदाशिवरावांचं जेवण सुटलं. त्यांनी एकदा वायर उपटून टाकली. घंटी तरी वाजलीच, ओमच्या मोबाईलवर, आणि ओमनं सकाळी येऊन वायर पुन्हा जोडून दिली.

तानाबाईला, त्यांच्या बायकोला, सगळं कळत होतं. झाडू तिच्याच हातात होता ना मागच्या वर्षी. एका दुपारी कपिल वावरात गेलेला पाहून ती नवऱ्याजवळ बसली.

"सांगून टाका तिले," ती हळूच म्हणाली. "नंबर खोटा हाये म्हणा. तिनं बोलावणं सोडलं तं थे बी थांबन."

"सांगू अन् जेलात जाऊ?"

"थे घराकडं सरकून राह्यली... तुमाले दिसत नाही काय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सदाशिवरावांना प्रत्येक माणूस आपल्यालाच ओळखून आहे असं वाटत होतं, तरी तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. शेवटी तांड्यावर जाऊन त्यांनी अर्धवट काहीतरी पुटपुटलं. "बसंतीबाई, एखांदा आकडा चुकला असन माहा. म्हातारे डोळे... तू त्या नंबराचं नाव नको घेत जाऊ."

बसंतीबाईनं त्यांना पाणी दिलं. "चुकला असता तं घंटी कशी वाजली असती? तुमी काही भेऊ नका भाऊ. मी रोज घेतो त्याचं नाव. सांजच्याला दोन निखारे काढतो अन् घेतो."

तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की सदाशिवरावांना तिथून पळून जावंसं वाटलं.

कपिलला मात्र या सगळ्याचा वैताग आला होता. तिशीचा, धडधाकट, हसरा गडी. भुताखेताचं त्याला वावडं. बाप दिवसेंदिवस खंगत चाललेला त्याला पाहवत नव्हता. एका संध्याकाळी तो वावरातून आला, हातपाय धुतले आणि टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "बाबा, वायरीत फॉल्ट हाये. बाकी काही नाही. मी जाऊन उभा राह्यतो तिथं. तुमी पडद्यावर पाहा. मी दिसतो का गाडी दिसते, एकदाचं होऊन जाऊ द्या."

"नको जाऊ."

"काहून?"

त्या एका शब्दाचं उत्तर सदाशिवरावांकडे होतं. दोन वाक्यांत संपलं असतं. मुलगा थुंकला असता तोंडावर, गावानं वाळीत टाकलं असतं, पण तो घरात राहिला असता. दारात उभी राहून तानाबाई नवऱ्याकडे बघत होती, बोला म्हणून डोळ्यांनी विनवत होती. सदाशिवरावांचे ओठ हलले.

"काही नाही," ते म्हणाले. "लवकर ये."

कपिल हसत बाहेर पडला. सदाशिवराव पडद्यासमोर बसले. वरच्या कॅमेऱ्यात तो वळणावर जाऊन उभा राहिलेला दिसला, एकटा, पांढऱ्या बनियनमध्ये. त्यानं दोन्ही हात वर करून हलवले. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता.

घंटी वाजली.

खालच्या चौकोनात पाटी आली. आज ती सरकत नव्हती, धावत होती. सदाशिवराव ओरडले, नाव घेऊन ओरडले, खुर्ची पाडून दाराकडे धावले, पण मान पडद्याकडेच वळलेली राहिली. वरच्या कॅमेऱ्यातला कपिल तेवढ्यात घराकडे वळला, कारण बापानं हाक मारली होती. मग त्या रिकाम्या रस्त्यावर तो कमरेतून मोडला, वर उचलला गेला, आणि वळणापुढच्या छोट्या पुलाच्या कठड्यापर्यंत फेकला गेला. कुणी त्याला धक्का दिला नाही. त्याच्याजवळ कुणी नव्हतंच.

सदाशिवराव पोहोचले तेव्हा तो पाणी मागत होता. तानाबाईनं तांब्या आणला. एक घोटही आत गेला नाही.

पोलीस आले, नंबर विचारला. सदाशिवरावांनी या वेळी खरा सांगितला. साहेबानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मागच्या वर्षी तुम्ही हाच सांगितलेला. अशी गाडी नाही, बाबा." मग त्यानं वरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि टोपी काढून हातात धरली. खालच्या कॅमेऱ्यात त्या संध्याकाळचं काहीच साठलं नव्हतं.

तेरवीला सगळा गाव जमला होता. बसंतीबाई तानाबाईच्या शेजारी बसून होती. तिचा हात तिनं दिवसभर सोडला नाही. लोक जेवायला बसणार तेवढ्यात सदाशिवराव ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. ट्रक नव्हता. सोयाबीन मी पसरलं होतं. धरमसिंग पाणी मागत होता, मी रस्ता झाडत होतो. नंबर खोटा आहे, तो मी बनवला. हे सांगताना त्यांना हमसून हमसून रडू येत होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच छाती हलकी वाटत होती.

बसंतीबाई उठली. तिनं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

"पोरगं गेलं का माणसाचं डोकं असंच फिरते," ती लोकांना म्हणाली. "माहं बी फिरलं होतं. खोटा नंबर कोणाचं लेकरू मारते काय भाऊ? सांगा ना तानाबाई, समजवा त्यायले."

सदाशिवरावांनी बायकोकडे पाहिलं. ती एकटीच होती जिला खरं ठाऊक होतं. तिनं एक शब्द बोलायचा होता.

तानाबाईचे डोळे कोरडे होते. "नंबर खरा हाये," ती म्हणाली. "मी बी पाह्यला होता." मग ती बसंतीबाईकडे वळली. "मले शिकव बाई. कसं बोलावतात थे."

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर दोघी निखाऱ्याचं घमेलं घेऊन बसल्या. वळणावर नाही, अंगणात, घराच्या पायरीशी. तूप तानाबाईनं आपल्या हातानं सोडलं. नंबरही तिनंच घेतला, मोठ्यानं, घराकडे तोंड करून, आणि घेताना ती दारात उभ्या नवऱ्याकडे बघत होती. बसंतीबाई मागून साथ देत होती. धूर पायरी चढून आत आला.

आत घंटी वाजली. सदाशिवरावांना जायचं नव्हतं, तरी ते गेले. वरच्या चौकोनात दोन बायका होत्या, आणि त्यांच्यामागे रिकामा रस्ता. खालच्या चौकोनात पाटी होती, चौकोन भरून. ती आज जात नव्हती. उभी होती. रस्त्याची धूळ बसून शेवटचा आकडा थोडा झाकला गेला होता.

मग काळोखातून एक हात आला, आणि नंबर नीट वाचता यावा म्हणून सावकाश ती धूळ पुसू लागला.